शृंगारिक कादंबऱ्या आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादे भाषण असावे, अशी आपल्याकडे रीत आहे. त्याप्रमाणे कार्यकारिणीने मला ‘स्त्रिया आणि वाचन’ असा विषय दिला. विषय चांगला आहे. वाचनाचे फायदे सांगावेत, थोरामोठ्यांची नावे घ्यावीत, आणि कोकमाचे सरबत येईपर्यंत वेळ काढावा, हे मला सहज जमले असते. परंतु गेले काही महिने आपल्या मंडळात वाचनावरूनच जे काही चालले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. त्याला वळसा घालून मी बोलले, तर तुम्ही मनातल्या मनात हसाल. म्हणून सरळ त्याच विषयाला हात घालते.

हकीकत थोडक्यात अशी. आपल्या एका सभासद भगिनीने माहेरचे जुने घर आवरताना माळ्यावर सापडलेली पुस्तकांची ट्रंक मंडळाला भेट दिली. वर पोथ्या आणि जुने दिवाळी अंक होते, आणि तळाशी निघाला चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांचा एक गठ्ठा. त्या मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात की नाही, ह्यावरून दोन तट पडले. कोणी म्हणाल्या, ठेवा. कोणी म्हणाल्या, रद्दीत द्या. एक ज्येष्ठ काकू तर म्हणाल्या, “बंबात घाला, निदान पाणी तरी तापेल!” त्यावर एक तरुण सूनबाई हसून म्हणाली, “काकू, ह्याच्या कितीतरी पुढचे आम्ही रात्री मोबाइलवर वाचतो.” झाले! तेव्हापासून दोघी-तिघी मंडळात यायच्या थांबल्या आहेत, आणि गठ्ठा अजून सुतळीने बांधलेला चिटणीसबाईंच्या पडवीत पडून आहे.

ह्या वादात जी मते मी ऐकली, ती आधी नीट मांडते. कोणाचेही म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही.

पहिले मत असे की, असली पुस्तके माणसाला बिघडवतात. मंडळात शाळकरी मुली येतात, त्यांच्या हाती ती पडली तर त्यांच्या आयांना आपण काय सांगणार? दुसरे मत असे की, आपण प्रौढ आहोत, संसार केले आहेत, मुलेबाळे वाढवली आहेत. काय वाचावे हे आपल्याला कोणी शिकवू नये. दुपारची भांडीकुंडी आवरल्यावर घटकाभर एखादी प्रेमकथा वाचली, तर कोणाचे काय बिघडले? तिसरे मत एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने मांडले. ती म्हणाली, “मला त्यातल्या शृंगाराचे काही वाटत नाही. पण त्यातला नायक नायिकेचा हात धरून ओढतो, ती नको म्हणते, आणि लेखक म्हणतो की तिला हवेच होते. ह्याची मला चीड येते.” हे तिसरे मत वादाच्या गलबल्यात कोणी फारसे ऐकले नाही. मला मात्र ते सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि आज त्याच्याकडेच मला यायचे आहे.

आधी काकोडकरांविषयी. आमच्या पिढीतल्या बायकांना हे नाव सांगावे लागत नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत त्यांच्या कादंबऱ्या एकामागून एक निघत आणि हातोहात खपत. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येत, तेव्हा त्यांच्या सामानातून ही पुस्तके आपल्या घरांत शिरत आणि परत जाताना विसरून राहत. ती कोणी उघड्यावर वाचत नसे. पण एक पुस्तक आले की आळीतल्या दहा घरी फिरे, आणि शेवटी त्याची पाने सुटलेली असत. न वाचलेल्या पुस्तकाची पाने सुटत नाहीत! हिंदी चित्रपटवाल्यांनाही ह्या कथांतले पाणी कळले होते. १९६९ साली गाजलेला राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा काकोडकरांच्या ‘नीलांबरी’ ह्या कादंबरीवरून केलेला होता. तो चित्रपट सहकुटुंब पाहणाऱ्या कित्येकांना त्याचे मूळ ठाऊकही नसेल.

ह्याच काकोडकरांवर खटला झाला होता, आणि तो थेट दिल्लीपर्यंत गेला होता. ती हकीकत आपल्या वादाला फार उपयोगी आहे.

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, असा तिचा विषय. ती कथा अश्लील आहे अशी फिर्याद एका गृहस्थांनी केली, आणि भारतीय दंडविधानाच्या २९२ कलमाखाली लेखक, मुद्रक-प्रकाशक व विक्रेता ह्या तिघांवर खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने कथा वाचली, साक्षी ऐकल्या आणि सर्वांना निर्दोष सोडले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. तेथील न्यायमूर्तींनी तीच कथा वाचली, आणि ती अश्लील ठरवून लेखकाला व प्रकाशकाला प्रत्येकी २५ रुपये दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे पुन्हा तीच कथा वाचली गेली, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायालयाने ती अश्लील नाही असे सांगून काकोडकरांना मुक्त केले. स्त्रीपुरुष-संबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक अश्लील म्हणायचे ठरवले, तर तरुण मुलांना धार्मिक ग्रंथांवाचून दुसरे काही वाचताच येणार नाही, अशा आशयाचे त्या निकालात म्हटले आहे.

त्याच्या आधी पाचच वर्षे, १९६४ साली, ह्याच सर्वोच्च न्यायालयाने ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही इंग्रजी कादंबरी विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. म्हणजे पाहा, पुस्तके वाचणारे न्यायमूर्ती थोर विद्वान, कायदा एकच, आणि तरीही एकमत नाही. तेव्हा आपल्या मंडळात एकमत झाले नाही, म्हणून कोणी कोणावर रुसण्याचे कारण नाही. जेथे मोठमोठ्या न्यायालयांचे मत बदलले, तेथे आपण तर ओटीवर बसून बोलणाऱ्या बायका!

ह्या खटल्यातली आणखी एक गोष्ट मला विचारात पाडते. सारी चिंता कोणाची होती? कोवळ्या मनांची, घरंदाज मुलीबाळींची, लेकीसुनांची. पण त्यांच्या वतीने निर्णय करणारे कोण होते? मुंबई उच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश, श्रीमती सुजाता मनोहर, ह्या १९७८ साली आल्या. सर्वोच्च न्यायालयात पहिली स्त्री न्यायाधीश, श्रीमती फातिमा बीवी, ह्या १९८९ साली आल्या. म्हणजे ‘श्यामा’चा विचार झाला तेव्हा त्या दोन्ही न्यायासनांवर एकही बाई नव्हती. ज्या बायकांच्या भल्यासाठी पुस्तक जाळायचे की ठेवायचे हे ठरत होते, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. “तिला विचारले का?” हा प्रश्न मनात ठेवा, मी पुढे पुन्हा त्यावर येणार आहे.

आता काही भगिनी म्हणतील, “अहो, पण हे सगळे नवीन आहे. आपल्या जुन्या मराठीत असले काही नव्हते.” भगिनींनो, आपल्या भाषेच्या माजघरात जरा डोकावून पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हाल सातवाहनाने महाराष्ट्री प्राकृतात सातशे गाथा जमवल्या असे मानतात. त्या ‘गाथासप्तशती’त नांगर, गुरे, पाऊस आणि नदीकाठ जसे आहेत, तसे प्रेम आणि शृंगारही आहेत, आणि विशेष हे की त्यांतल्या पुष्कळ गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत. कोणी मैत्रिणीला मनातले सांगते, कोणी आतेला विचारते, कोणी प्रवासाला निघालेल्या नवऱ्याला अडवते. त्या लाजतात, रुसतात, पण आपली इच्छा आपल्या तोंडाने सांगतात. स. आ. जोगळेकरांसारख्या विद्वानाने १९५६ साली तो ग्रंथ मराठीत संपादून काढला, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बंबाची वाट दाखवली नाही.

तेच ‘ययाति’चे. शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवणारे वि. स. खांडेकर ह्यांच्याइतका सोवळा लेखक कोणी दाखवून द्यावा! त्यांची ‘ययाति’ १९५९ साली निघाली, आणि १९७४ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने ती घरोघर पोचली. तिचा विषय काय? कामवासना, जी कधी भागत नाही अशी. शय्यागृहाचे प्रसंग तिच्यात आहेत. तरीही आपण ती स्पर्धेच्या बक्षिसात मुलींना देतो, आणि देतो ते बरोबरच करतो. खांडेकरांनी वासनेचा शेवट काय होतो ते दाखवले. देवयानीला आणि शर्मिष्ठेला त्यांचे स्वतःचे बोलणे दिले. मग शृंगार आला की पुस्तक वाईट, हे माप टिकत नाही. ते माप लावले तर पुराणेही कपाटाबाहेर काढावी लागतील.

दुसरे उदाहरण घ्या. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ ह्या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालते, हे त्यात एका बाईने लिहिले होते. आज तो वाचला तर त्यात चोरून वाचण्याजोगे काहीच सापडत नाही. पण तेव्हा केवढे काहूर उठले! ही विभावरी कोण, बाई की बाईच्या नावाने लिहिणारा पुरुष, ह्यावर तर्क चालले. लेखिका होत्या बालुताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. लोकांना खटकले ते हे की, बाईच्या मनातली इच्छा बाईने बोलून दाखवली. पुरुषांनी बायकांच्या रूपाची वर्णने तर कितीतरी आधीपासून केली होती, आणि लावणीतल्या शृंगाराला माना डोलावणारे तेव्हाही होतेच. ह्याचा अर्थ असा की, समाजाला नेहमी शृंगाराचाच राग येतो असे नाही. कित्येकदा राग येतो तो कोण बोलते ह्याचा.

आणि आपल्या दाभोळच्या खाडीपलीकडचे र. धों. कर्वे ह्यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातला हा माणूस. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. ते कादंबरीकार नव्हेत. शरीराविषयी जे विचारायची सोय नव्हती, ते त्यांना वाचक पत्राने विचारीत, आणि ते सरळ उत्तर छापीत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही दंड झालाच. कर्वे खटला हरले, पण त्यांचे एक म्हणणे मला सोळा आणे पटते. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो प्रश्न विचारायचे थांबत नाही. तो भलत्या ठिकाणी विचारतो.

भगिनींनो, आपल्या बाबतीत तेच झाले आहे. आमच्या वेळी न्हाण आले की आईने चार दिवस बाजूला बसवले आणि वर एक शब्द सांगितला नाही. लग्न ठरल्यावर मावशीने कानात काही सांगितले, तेही अर्धे. उरलेले कोणी शिकवले? त्या पाने सुटलेल्या पुस्तकांनी. त्यांनी काही बरे शिकवले, काही साफ चुकीचे शिकवले. पण चूक कोणती आणि बरोबर कोणते, हे विचारायला समोर कोणी माणूस नव्हते. पुस्तकापेक्षा हा एकटेपणाच मला जास्त धोक्याचा वाटतो.

आता आजच्या काळाकडे येते. सूनबाई म्हणाली ते खरे आहे. २०११ साली ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ नावाची इंग्रजी कादंबरी निघाली. ई. एल. जेम्स ह्या लंडनच्या बाईंनी ती लिहिली. तिचे पुढचे भागही आले, आणि ह्या मालिकेच्या जगभर दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. एक तरुण श्रीमंत उद्योगपती, एक साधी विद्यार्थिनी, आणि त्यांचे असे प्रेम की ज्यात तो हुकूम सोडतो व ती पाळते. वाचणाऱ्या बहुतेक बायका. २०१५ साली त्यावरचा चित्रपट आला, तेव्हा आपल्याकडच्या सेन्सॉर बोर्डाने त्याला परवानगी दिली नाही. पण पुस्तक उघड विकले जात होते, आणि मोबाइलला बोर्ड नसते! आता तर मराठीतही ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी प्रेमकथांच्या लांबच लांब मालिका भाग-भाग करून येतात. त्या लिहिणाऱ्यांतही पुष्कळ आपल्यासारख्याच गृहिणी आहेत. रात्री मुले झोपली की पुढचा भाग वाचायचा, सकाळी नळाला पाणी येईपर्यंत मैत्रिणीशी त्यावर बोलायचे, असा अनेकींचा क्रम आहे.

ह्या इंग्रजी पुस्तकावरून दूरदेशीही आपल्यासारखेच तट पडले. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातल्या ब्रेव्हर्ड काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयांनी २०१२ साली ते कपाटांतून काढले. वाचकांनी ओरडा केला, आणि काही आठवड्यांत ते परत ठेवावे लागले. त्याच वर्षी इंग्लंडच्या ईशान्य भागात, घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना आसरा देणाऱ्या एका संस्थेने ह्या पुस्तकाची होळी करा असे आवाहन केले. आता नीट ऐका. त्यांची तक्रार पुस्तक शृंगारिक आहे अशी नव्हती. त्यांचे म्हणणे, आमच्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे असेच वागतात: कोठे जायचे, काय खायचे, कोणाशी बोलायचे, हे तेच ठरवतात, आणि हे पुस्तक त्याला प्रेम म्हणते. उलट बाजूच्या बायका म्हणाल्या, आम्हांला गोष्ट आणि संसार ह्यांतला फरक कळतो. आम्ही पुस्तक मिटतो आणि उठतो.

आपल्या कॉलेजातल्या मुलीचे म्हणणे ह्या आसरा देणाऱ्या बायकांच्या म्हणण्याच्या किती जवळचे आहे पाहा. माझ्या मते तिनेच नेमक्या जागी बोट ठेवले. पुस्तकात शृंगार आहे की नाही, हा प्रश्न पोकळ आहे. त्यातल्या बाईला कोणी विचारले का, हा प्रश्न भरीव आहे. तिच्या होकाराला किंमत आहे का? तिच्या नकाराला आहे का? ती नको म्हणाली तर गोष्ट थांबते, की लेखक हळूच सांगतो, नको म्हणजे हो? ती सुखी झाली तर कशाने झाली? तिने काही निवडले म्हणून, की कोणी तिला निवडले म्हणून?

हे माप लावून पाहा, आणि गंमत होते. पुष्कळशी सोज्ज्वळ म्हणवणारी पुस्तके नापास होतात. त्यांत चुंबनाचे नाव नसते, पण मुलीला न विचारता तिचे लग्न लावतात, सासरी तिचा छळ होतो, ती मुकाट्याने सोसते, आणि शेवटच्या पानावर सर्व जण तिला देवी म्हणतात. अशी पुस्तके आपण डोळे पुसत वाचली आणि लेकींना आवर्जून दिली. त्यांनी कोणाला बिघडवले नाही असे आपण म्हणतो. पण किती जणींना मुकाट बसायला शिकवले, ह्याचा हिशेब कोणी केला आहे? उलट काही शृंगारिक पुस्तके ह्या मापाला उतरतात. गौरी देशपांड्यांच्या नायिका घ्या. त्या चुकतात, ठेचकाळतात, पण आपले मन आपण जाणतात आणि बोलून दाखवतात. ह्या गौरीबाई महर्षी कर्व्यांची नात, म्हणजे नात्याने र. धों.ची पुतणी. त्यांनीच बर्टनच्या इंग्रजीवरून ‘अरेबियन नाइट्स’ सोळा खंडांत मराठीत आणले. बर्टनने त्यातला शृंगार गाळला नव्हता. आमच्या लहानपणी ह्या गोष्टी ‘सुरस आणि चमत्कारिक’ म्हणून मुलांच्या हाती होत्या. त्यांचे मूळ सूत्र आठवते ना? रोज एका मुलीशी लग्न करून सकाळी तिचा जीव घेणारा राजा, आणि त्याला रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून आपला व इतर मुलींचा जीव वाचवणारी शहरजाद. त्या गोष्टींत शृंगार भरपूर आहे, पण त्या सांगते बाई, आणि सांगता सांगता राजाला माणूस करते.

आता काकोडकरांच्या गठ्ठ्याचे काय? माझे मत स्पष्ट सांगते. ह्या मापाने त्यातल्या काही कादंबऱ्या उतरतील, काही उतरणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ‘श्यामा’ला निर्दोष म्हटले, उत्तम म्हटलेले नाही. तो निवाडा वाचकांनी करायचा असतो, आणि वाचल्यावाचून करता येत नाही. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. त्या सर्वसाधारण सभेपुढे मी रीतसर मांडणार आहेच.

एक. पुस्तके बंबात घालू नयेत. काकूंचा मान राखून सांगते, पाणी तापवायला आपल्याकडे नारळाच्या सोडणांची आणि झावळ्यांची वाण नाही! ती पुस्तके रजिस्टरवर चढवावीत, त्यांना नंबर द्यावा, आणि मागेल त्या प्रौढ सभासदाला ती नावावर द्यावीत. चोरून वाचलेल्या पुस्तकाविषयी बोलता येत नाही. नावावर नेलेल्या पुस्तकाविषयी बोलता येते.

दोन. शाळकरी मुलींच्या हाती ती देऊ नयेत. येथे मी पहिल्या मताच्या बाजूची आहे. ज्याचा त्याचा काळ असतो. कैरी अढीत घालायच्या आधी आंबा म्हणून खायला देत नाहीत. परंतु त्यांनी काही विचारले, तर विषय बदलू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे. नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना मंडळात बोलावून त्यांच्याकडून द्यावे. मुलींच्या हातात मोबाइल आहे, हे विसरून कपाटाला कुलूप लावणे म्हणजे पुढचे दार लावून मागीलदार सताड उघडे ठेवणे होय.

तीन. महिन्यातून एका दुपारी एक पुस्तक घेऊन बसावे. ते काकोडकरांचे असो, खांडेकरांचे असो, की सूनबाईंच्या मोबाइलवरचे असो. एकीने त्याच्या बाजूने बोलावे, एकीने विरुद्ध. आणि दोघींनीही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: ह्यातल्या बाईला कोणी विचारले का? पहिल्या दुपारी विरुद्ध बाजूने बोलायला बंबवाल्या काकूंनी यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यांनी पुस्तक वाचलेले आहे, हे त्यांच्या रागावरूनच मला कळले. न वाचता कोणी इतके चिडत नाही!

कायद्याचे म्हणाल, तर तोही काळाबरोबर चालतो आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अश्लीलता ठरवताना आजच्या समाजाची सर्वसाधारण समजूत पाहावी. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि २९२ कलमाच्या जागी २९४ आले. आकडा बदलला, पण समाजाची समजूत म्हणजे कोणाची समजूत, हा प्रश्न राहिलाच. त्या समाजात आपणही आहोत ना? मग आपली समजूत काय, हे आपण बसून, बोलून, भांडून ठरवायला नको का? दुसऱ्या कोणी आपल्या वतीने ते ठरवण्याचे दिवस आता गेले पाहिजेत.

ज्या दोघी-तिघी रुसून घरी बसल्या आहेत, त्यांच्याकडे उद्या सकाळी मी आणि चिटणीसबाई वाण घेऊन जाणार आहोत. त्यांचे मत बदलायला आम्ही जात नाही. ते मत मंडळात येऊन बोला, एवढे सांगायला जातो. एका पुस्तकाविषयी मतभेद झाले म्हणून ज्या मंडळात बाई येईनाशी होते, ते मंडळ लहान. दोन टोकांच्या मतांच्या बायका ज्या सतरंजीवर शेजारी बसतात, ते मोठे. आपले मंडळ मोठे आहे, असे मी इतकी वर्षे समजत आले आहे.